वर्षाचे ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘ऋतू आणि स्वयंपाक’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला आधी संकोच वाटला. येथे बसलेल्या तुम्हां साऱ्याजणींचे हात चाळीस-चाळीस वर्षे पिठात आणि फोडणीत गेलेले आहेत. पुरण कधी पाट्यावर घ्यावे आणि कुरडईचा चीक कधी उतरवावा, हे तुम्हांला मी काय सांगणार? तेव्हा मी असे ठरविले, की आपले ताट आज दुसऱ्या एका ताटाशेजारी ठेवून पाहावे. शेजारणीने वाटीतून भाजी पाठविली, की आपल्या भाजीत काय आहे आणि काय नाही ते बरोबर ध्यानात येते. आजची शेजारीण मात्र जरा लांबची आहे. ती आहे युक्रेन देशातली.

युक्रेनच का, असे कोणी विचारील. माझ्या नणंदेची मुलगी वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या देशात विनित्स्या या शहरी होती. २०२२ च्या फेब्रुवारीत तेथे युद्ध सुरू झाले आणि हजारो भारतीय मुलांबरोबर तीही सरहद्द ओलांडून परत आली. ज्या घरी ती भाड्याने राहत असे, तेथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी तिला वर्षभर आपल्या हातचे खाऊ घातले होते. मुलगी परत आली ती त्या घरच्या वर्षाची हकीकत घेऊनच. ती सांगू लागली आणि मी ऐकता ऐकता मनाशी जुळवू लागले: हे तर आपले बेंदूर-बोडण, हे आपले वाळवण, ही आपली खीर! मग मी त्याविषयी मिळेल ते वाचले.

आणि हे लोक आपल्या भागाला अगदीच परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बायका आणि मुलेच फार. त्यांची काही मुले आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीलाही राहिली होती. यांतली पुष्कळ कुटुंबे ज्या मुलुखातून हाकलली गेली, तो मुलूख आज पश्चिम युक्रेनमध्ये मोडतो. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडीने जाताना वळिवडे स्टेशन लागते. बीट आणि कोबीवर वाढलेली ही माणसे पाच वर्षे त्या बाजूला आपल्या ज्वारीच्या रानाशेजारी राहिली, हे आपल्यांतल्या किती जणींना ठाऊक आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येते. स्वयंपाक कोणत्याही देशातला असो, त्याच्या मुळाशी एक हिशेब असतो. जुने धान्य संपत आले आणि नवे अजून हाती आले नाही, तो मधला काळ कसा काढायचा, हा तो हिशेब. आपल्याकडे हा अडचणीचा काळ पावसाळ्याचा. ज्येष्ठ-आषाढात कणगी तळाला लागते, सरपण ओले, भाजी महाग, बाहेर पडायची सोय नाही. त्यांच्याकडे हा काळ हिवाळ्याचा. महिनेच्या महिने जमीन बर्फाखाली असते आणि हिरवे पान दृष्टीस पडत नाही. म्हणून आपली धांदल वैशाखात आणि त्यांची धांदल आश्विन-कार्तिकात. दोघी घरधनिणी करतात तेच, फक्त महिने उलटे.

आपल्या दोन जिल्ह्यांत तरी एकच ताट कोठे आहे? महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. पश्चिमेला पाटण-जावळीत भात, नाचणी, वरी. पूर्वेला बाजरी, शाळू, हुलगा, मटकी. मध्ये कृष्णाकाठी ऊस, हळद आणि वांगी. माझे माहेर माण तालुक्यातले, सासर सांगलीचे. माहेरी थंडीत हुलग्याचे माडगे आणि बाजरीची भाकरी, तर सासरी आल्यावर कोरड्यासाला कृष्णाकाठचे वांगे आणि ताटात गूळ-तूप. शंभर-सव्वाशे किलोमीटरांत ताट असे बदलते. युक्रेनही तसाच. पश्चिमेला कार्पेथियन डोंगर, दक्षिणेला मोकळे गवताळ रान, आणि मध्ये जगप्रसिद्ध काळी जमीन. आपली काळी जमीन काळ्या दगडापासून झाली. त्यांची हजारो वर्षे गवत कुजून झाली. त्या मातीत गहू, सूर्यफूल आणि बीट उदंड पिकते.

चैत्रापासून सुरुवात करू. पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला गूळ, ओवा, हिंग घालून खातो. पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. ऊन चढू लागले की आंबट आणि थंड, हा ऋतूचा कायदा. याच सुमारास तिकडे बर्फ वितळून पहिली हिरवी भाजी उगवते, तिची ते आंबट ‘हिरवी बोर्श्च’ करतात. ही भाजी कोणती म्हणाल? आपल्या चुक्याचीच बहीण. दोन्ही एकाच कुळातल्या. आपण चुक्यात डाळ-दाणे घालतो, ते उकडलेले अंडे आणि साय घालतात. पाच-सहा महिने साठवणीचे खाल्ल्यावर हे पहिले हिरवे पान त्यांना किती गोड लागत असेल, याची कल्पना उन्हाळ्यानंतर पहिली रानभाजी खाणाऱ्या माणदेशी बाईला बरोबर येईल.

ही बोर्श्च म्हणजे त्यांची आमटी. नेहमीची असते ती बीटाची, लाल रंगाची. तीत कोबी, बटाटा, गाजर, कांदा, घेवड्याचे दाणे; मांस असले तर असले, उपासाच्या दिवशी नाही. घराघराची चव निराळी, आणि प्रत्येकीला आपल्या आईचीच खरी वाटते. तीत पडणारे घेवड्याचे दाणे म्हणजे आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचेच भाऊबंद. गंमत पाहा, घेवडा, बटाटा आणि मिरची ही तिन्ही अमेरिकेतून आली. तरी आज घेवड्यावाचून त्यांची बोर्श्च नाही आणि मिरचीवाचून आपली चटणी नाही. परंपरा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नवे आले ते आपल्या चुलीवर शिजवून आपले करून घेणे, हीही परंपराच.

वैशाखात अक्षय्यतृतीया. पुष्कळ घरांत त्या दिवशी पितरांना आमरस दाखविल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. युक्रेनमध्ये ऑगस्टात सफरचंदांचा सण असतो. त्या दिवशी नवी सफरचंदे देवळात नेतात आणि तोपर्यंत जुनी माणसे नवे सफरचंद तोंडात घालीत नाहीत. ज्या आईचे मूल दगावले असेल, तिने तर मुळीच खायचे नाही, अशी तिकडची जुनी समजूत. आधी खाल्ले तर परलोकात तिच्या मुलाला सफरचंद मिळत नाही म्हणतात. समजूत खरी की खोटी, हे मी बोलत नाही. पण पहिले फळ हाती आले की आईला गेलेले मूल आठवते, हे दोन्ही मुलुखांत खरे आहे.

आता वाळवण. कुरडईला गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतायचे, मग जितका चीक तितके पाणी घेऊन शिजवायचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचे. शेवया, सांडगे, पापड, बाजरीच्या खारोड्या, आणि वर्षाची कांदा-लसणाची चटणी. आपले सारे काम उन्हाचे. तिकडे हेच काम मिठाचे आणि आंबवणीचे. एक किलो कोबी बारीक चिरून त्याला वीस ग्रॅम मीठ चोळतात, त्यात गाजर घालतात, आणि वर दगडाचे वजन ठेवून कोबी त्याच्याच पाण्यात बुडवून ठेवतात. काही दिवसांत तो आंबतो, मग थंड तळघरात हिवाळाभर टिकतो. काकड्या तशाच, आणि बीट आंबवून निघालेले आंबट पाणी बोर्श्चीत घालायला. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात कोबी असा ठेवला तर दोन दिवसांत नासेल. त्यांच्याकडे आश्विनात पापड घातला तर तो वाळणार नाही. ज्या बाईला जे मिळाले, कोणाला ऊन तर कोणाला थंडी, त्यालाच तिने कामाला लावले. आंबवण आपल्यालाही नवी नाही. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री भिजवून सकाळी केलेली आंबील उन्हाळ्यात कोणाच्या घरी होत नसे?

साठवणीचे आणखी एक साम्य सांगते. आपल्या शेजारी हरिपूरला हळद पेवांत साठवीत. जमिनीत खोल खणलेली ही पेवे कोरडी असत आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर पेवांचे दिवस सरत आले होते. युक्रेनच्या खेड्यांतही घराला लागून जमिनीखाली तळघर असते. त्यात बटाटे, बीट, कोबी आणि मुरवणाच्या बरण्या. २०२२ साली आकाशातून बाँब पडू लागले, तेव्हा लोकांनी मुलाबाळांसह याच तळघरांचा आसरा घेतला. आमच्या मुलीने पहिली रात्र त्या मालकीणबाईंबरोबर तशीच काढली, लोणच्याच्या बरण्यांमध्ये. हिवाळ्यासाठी भरून ठेवलेले ते अन्न तेव्हा सगळ्यांना पुरले.

आषाढ लागला की बेंदूर. जत-मिरजेकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला होतो, आपला महाराष्ट्रीय बेंदूर त्यानंतर. बैलाच्या शिंगांना रंग आणि आपल्या ताटात पुरणपोळी. मग आखाड तळायचा, कापण्या करायच्या. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा त्या वाटेवरच्या घरांत भाकरी आणि पिठल्याचे किती घाणे निघतात, ते तेथल्या बायकाच जाणोत. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे असतात. म्हणून त्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी आणि वांग्याचे भरीत भरपूर खाऊन घ्यायचे. युक्रेनमध्ये ईस्टरपूर्वीचा मोठा उपास सात आठवड्यांचा. त्यात दूध, लोणी, मांस काही चालत नाही. म्हणून आधीच्या आठवड्यात दूध-लोण्याचा सण करतात आणि चक्का भरलेल्या ‘वारेनिकी’ खातात. उपास करायचा, पण आधी जिभेची समजूत काढून! मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच.

या वारेनिकी म्हणजे कणकेच्या लहान करंज्या, पण तळलेल्या नव्हेत, पाण्यात उकडलेल्या. आत चक्का, बटाटा, कोबी, उन्हाळ्यात चेरीची फळे. मला त्या ऐकल्याबरोबर नागपंचमीची दिंडे आठवली. त्या दिवशी आपण चिरत नाही, तळत नाही, तवा ठेवीत नाही. पुरण कणकेत गुंडाळून उकडतो. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथल्या प्रत्येक घरात त्या दिवशी मोदकपात्र चुलीवर असते, ते कोण पाहायला जातो? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातले आणि रानातले उगवलेले गोळा करून भाजी करायची. पाठोपाठ गौरी येतात. त्यांनाही पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचाच नैवेद्य. माहेरवाशीण प्रवासाने दमून आली म्हणजे तिला आधी घरचे साधे वाढावे, पक्वान्न उद्या, यात केवढा समजूतदारपणा आहे!

भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितर. युक्रेनमध्ये पितरांची आठवण नाताळच्या आदल्या रात्री निघते. पूर्वी तो दिवस ६ जानेवारीला येई. २०२३ पासून तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने पंचांग बदलले आणि आता तो २४ डिसेंबरला पाळतात. घराच्या कोपऱ्यात गव्हाच्या कणसांची पेंढी उभी करतात. त्या पेंढीत घराण्याचे पूर्वज वास करतात असे मानतात. आपण नवरात्रात मातीत धान्य पेरून घट बसवितो, त्याची आठवण व्हावी अशीच ही चाल. पानावर बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे, आणि गेलेल्यांसाठी एक जास्तीचे पान. सगळ्यांत आधी चाखायची ती ‘कुत्या’. रात्रभर भिजवलेले अख्खे गहू मऊ शिजवायचे, खसखस मातीच्या खडबडीत कुंड्यात बारीक घोटायची, मध आणि अक्रोड घालून सगळे एकत्र करायचे.

भगिनींनो, ही आपली गव्हाची खीर नव्हे तर काय? खपली गहू ओलसर करून उखळात सडायचे, पाखडायचे, भिजवून दोन-तीन तास शिजवायचे, मग गूळ, खसखस, खोबरे आणि जायफळ. मिरजेच्या पुढे कर्नाटकाकडे तिला हुग्गी म्हणतात. खपली हा फार जुना गहू आहे आणि कृष्णेच्या खोऱ्यात तो अजून टिकून आहे. युक्रेनमध्येही हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी हाच गहू पेरला होता, असे तेथल्या उत्खननांत दिसून आले आहे. मधाचे म्हणाल तर आपल्या महाबळेश्वराजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. तेव्हा कुत्या करायचीच झाली तर आपल्याला बाजारातून काही परदेशी आणावे लागणार नाही.

मार्गशीर्ष-पौष हा आपला भरल्या ताटाचा काळ. शाळूचा हुरडा, गुऱ्हाळावरची काकवी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी, चाकवत, भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आमच्या माहेरी हरभऱ्यावर रात्री स्वच्छ फडके पसरून ठेवीत आणि पहाटे ते पिळून आंब काढीत. दवात उतरलेली ती आंबट आंब पोटदुखीवर बाटलीत भरून ठेवीत. हिरवी हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवायची ती उन्हाळ्यासाठी. भरल्या काळातच रिकाम्या काळाची तरतूद करायची, ही बायकांची विद्या.

आता गोड बोलणे झाले. थोडे कडूही बोलले पाहिजे, पाडव्याच्या पाल्यासारखे.

हे ताट रिकामे झाल्याचे दिवसही दोन्ही मुलुखांनी पाहिले आहेत. युक्रेनमध्ये १९३२-३३ साली सोव्हिएट सरकारने शेतकऱ्यांच्या घरांतून धान्य काढून नेले आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. ती काळी जमीन पिकत होती आणि पिकवणारे मरत होते. १९३२ च्या ऑगस्टात कायदा झाला, की सामुदायिक शेतातले धान्य उचलील त्याला जबर शिक्षा. लोक त्याला ‘पाच कणसांचा कायदा’ म्हणत. कापणीनंतर रानात पडलेला सरवा वेचणे हा आपल्याकडे गरीब बाईचा हक्क मानला जातो. तिथे सरवा वेचणे हा गुन्हा झाला. लोकांनी झाडांच्या साली खाल्ल्या, ‘लोबोदा’ नावाचे तण खाल्ले. लोबोदा म्हणजे आपला चाकवत.

१९७२ चा दुष्काळ माझ्यासारख्यांच्या आठवणीत आहे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. माणात खडीच्या कामावर बायका रांगेने बसत आणि मुलांना सुकडी मिळे. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आई करी. ती थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. एक फरक मात्र मोठा. आपल्याकडे कामे निघाली, मजुरी मिळाली, धान्य बाहेरून आत आले. तिकडे आतले बाहेर गेले. दुष्काळ आकाश पाडते, पण माणसे मरायची की जगायची हे पुष्कळदा राज्यकर्ते ठरवितात.

दुसरी कडू गोष्ट घरातलीच. ऋतूप्रमाणे स्वयंपाकाची आपण थोरवी गातो, पण तो कोणाच्या जिवावर चालला? चार वाजता जात्यावर कोण बसले? पुरुष जेवले, मुले जेवली, मग भांड्याच्या तळाशी उरेल त्यात सासूसुना. माझ्या आईने गरम पोळी खाल्लेली मला आठवत नाही. त्या काळच्या बाईचे रक्त कमी का असे, याचे उत्तर त्या तळात आहे. ऊसतोडीला बीडकडून आपल्या रानात येणाऱ्या बायका आजही अंधारात उठून भाकऱ्या थापतात आणि मग कोयता घेतात. तेव्हा आपल्या लेकी-सुना नोकरी करतात आणि वाळवण विकत आणतात, म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुने टिकवायचे असेल तर त्याचे कष्ट वाटून घेतले पाहिजेत. घरातल्या पुरुषांनी सोऱ्या दाबला तर कुरडई काही बिघडत नाही. उलट त्यांच्या हाताला जोर जास्त.

तिसरी गोष्ट बाजाराची. २०२२ साली युद्ध झाले युक्रेनमध्ये आणि तेलाचा भाव भडकला आपल्या वाण्याकडे. कारण आपल्या देशात येणारे बहुतांश सूर्यफूल तेल तोवर युक्रेनहूनच येत असे. हे ऐकून मला आमच्या माहेरचे रान आठवले. शाळूच्या कडेने करडईच्या ओळी असत. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे आणि घाण्याचे तेल वर्षभर घरी पुरे. आज टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी दुष्काळी भागाला पाणी आले, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ज्या बायकांनी मैलोन्‌मैल हंडे वाहिले त्यांना तिची किंमत विचारा. पण पाण्याबरोबर ऊस आणि द्राक्षे आली आणि शाळू, करडई, हुलगा मागे सरले. २०२३ साल भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. नेमक्या त्याच वेळी आपल्या घरांत भाकरी थापणारे हात कमी होत चालले. २०१९ च्या महापुरात सांगली पाण्यात होती, तेव्हा गावोगावांहून भाकरी-चटणीची गाठोडी आली. अडचणीच्या वेळी टिकणारे अन्न कोणते, ते त्या आठवड्यात सगळ्यांना कळले.

मग आपण काय करावे? येथे मी तुम्हांला एका बाईंची हकीकत सांगते. सावेला स्तेचिशिन हे त्यांचे नाव. जन्म १९०३ सालचा, पश्चिम युक्रेनमधला. लहानपणीच त्या आईबापांबरोबर कॅनडात गेल्या. तेथे १९२६ साली सास्काटून शहरी युक्रेनी बायकांचा संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापिकांपैकी त्या एक. परमुलखात आपल्या मुली आपले पदार्थ विसरतील, ही त्यांना काळजी. त्यांनी वर्षानुवर्षे पाककृती जमविल्या आणि १९५७ साली युक्रेनी स्वयंपाकाचे मोठे पुस्तक इंग्रजीत काढले. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांच्याही आधी, १९२९ साली, ओल्हा फ्रांको या बाईंनी कोलोमिया गावी युक्रेनी भाषेत पाकपुस्तक छापले होते. आणि २०२२ च्या जुलैत युनेस्कोने बोर्श्च करण्याच्या कलेला तातडीने जपण्याच्या वारशात घेतले. कारण उघड आहे: ज्या गावांत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली, ती गावेच उठू लागली होती.

आपल्याकडेही उदाहरण दूर शोधायला नको. कमलाबाई ओगले आपल्याच सांगलीकडच्या. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नव्या संसाराच्या मुलींना ते आईसारखे वाटले. ‘अंदाजाने मीठ’ या दोन शब्दांनी किती सुनांना रडविले असेल! कमलाबाईंनी त्या अंदाजाला माप दिले.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, आपल्यांतल्या साठीपुढच्या प्रत्येक भगिनीने आपल्या माहेरचा एक असा पदार्थ लिहून द्यावा, जो आता घरात होत नाही. वाटीचे माप, महिना आणि गाव लिहावे. माडगे, कण्या, घाटा, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, काहीही चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडे बसून आपल्या नातींनी लिहून घ्यावे. दुसरी, पुढच्या वैशाखात वाळवण घरोघर एकटीने न करता मंडळाच्या गच्चीवर एकत्र करावे आणि त्या दिवशी घरच्या मुलांना व पुरुषांना मदतीला बोलवावे. तिसरी, शाळू आणि करडईचे तेल जवळच्या गावांतून मंडळाने एकत्र घ्यावे, म्हणजे पिकवणाऱ्यालाही कळेल की याला गिऱ्हाईक आहे. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण आपण एवढ्यापुरती तरी खोटी करू.

फार मोठे काम नाही हे. पण ज्या बायकांची गावे उठली त्यांनी आपली चूल कागदावर जपली. आपली गावे, आपली नदी, आपले रान जागच्या जागी आहे. मग आपण ती अजून जळत असताना का जपू नये?

 अल्पोपाहाराला आज गव्हाची खीर आहे असे कळते, तेव्हा तुम्हांला जास्त वेळ थांबवीत नाही.